बाईंच्या तलावासाठी बाराशे लिटर

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उलट अर्ध्या नागपूरला ते मीच शिकवलं आहे. शेर-छटाक जाऊन किलो-लिटर आले तेव्हा इतवारीच्या व्यापाऱ्यांपुढे एका हातात लिटरचं माप आणि दुसऱ्या हातात किलोचं वजन धरून मी व्याख्यानं दिली आहेत. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली. एका पैशाचा डाग नाही, एका छटाकाची चूक नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गोकुळपेठेतल्या आमच्या गल्लीत हल्ली माझ्याबद्दल वेगळंच काहीतरी बोललं जातं, आणि बोलणारे कोण, तर ज्यांना अजून लिटरला बाटली म्हणायची सवय आहे ते.

मुळात काम एवढंसं होतं. सात खिडक्या धुवायच्या.

माझी पत्नी अरुंधती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. सत्तावीस वर्षं एकच शाळा, एकच वर्ग, वरच्या मजल्यावरचा. त्या वर्गाला पश्चिमेकडे सात उंच खिडक्या होत्या, न उघडणाऱ्या, काचा चौकटीत कायमच्या बसवलेल्या. खुर्चीवर बसलं की त्यांतून तेलंगखेडीचा तलाव दिसायचा. पासष्टच्या लढाईत ब्लॅकआऊटचा हुकूम निघाला आणि कंत्राटदाराने गेरू, काजळी आणि डिंक यांचा लेप बाहेरून सगळ्या काचांना फासला. लढाई संपली. लेप राहिला. त्या दिवसापासून तिच्या वर्गात सकाळी साडेसातलाच दिवेलागणीची वेळ होऊ लागली. तपकिरी उजेड, मुलींचे चेहरे जुन्या फोटोतल्यासारखे, आणि भिंतीवरच्या नकाशात समुद्र कुठला आणि जमीन कुठली हे बोट लावून सांगावं लागे.

तिने कधी तक्रार केली नाही. पण जेवताना मध्येच हात थांबायचा. "आत्ता तलावावर ऊन तिरपं झालं असेल," असं म्हणायची आणि पुन्हा भात कालवायची. कधी म्हणायची, "थंडीत तिथे पाण्यावर धूर असतो. बगळे त्यात शिरतात आणि दिसेनासे होतात." दहा वर्षं मी हा तलाव वरणभाताबरोबर खाल्ला. इतका, की शेवटी शेवटी मलाही तो दिसायला लागला. दुपारी खिडकीला लावलेल्या खसच्या टट्टीवर पाणी मारून आडवा पडलो, ओल्या वाळ्याचा वास आला, की डोळे मिटले न मिटले तोच एक बगळा आमच्या पंख्यावरून निघून जायचा. मी मोजमापातला माणूस. मला हे शोभत नव्हतं, म्हणून कुणाला बोललो नाही.

पंच्याहत्तरच्या एप्रिलात, एकोणीस तारखेला, शनिवारी, ती निवृत्त होणार होती. सकाळची शाळा, शेवटचा तास दहा वाजता. त्याच्या आदल्या वर्षी, होळीच्या दिवशी पुरणपोळीच्या भरात मी जाहीर करून बसलो: शेवटच्या तासाला तुला खुर्चीवरून तलाव दिसेल. तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. "अहो, राहू द्या," म्हणाली. पण असं म्हणताना तिच्या तोंडावर जे काही आलं ते पाहून माणसाने खिडक्याच काय, किल्ला धुऊन काढला असता.

रीतसर अर्ज केला. मी रीतीचा माणूस आहे, बायकोच्या ओळखीवर शाळेत घुसणं मला जमलं नसतं. टंकलेखन करून, टपालाने पाठवला. उत्तर आलं की लेप लावण्याचा आदेश वरून आला होता, काढण्याचा आदेश अद्याप प्राप्त झालेला नाही, सबब लेप आहे त्या स्थितीत ठेवणे भाग आहे. मी वर लिहिलं. वरच्यांनी मूळ आदेशाचा क्रमांक आणि दिनांक मागितला. मूळ आदेशाची फाईल शाळेत वाळवीने खाल्ली होती. मी वाळवीचंही पत्र पाठवलं. त्यावर, फाईल खाल्ल्याचा पंचनामा सोबत का जोडला नाही, अशी विचारणा झाली. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनाच दया आली असावी. त्यांनी निरोप धाडला, तोंडी परवानगी आहे, लेखी हरकत आहे. आणि शाळेचं पाणी वापरायचं नाही. विहीर आटलेली, नळ पहाटे अर्धा तास, मुलींना प्यायला पुरत नाही.

डिंकाचा लेप फडक्याने पुसून निघत नाही. भिजवावा लागतो, मग खरवडायचा, मग पुन्हा धुवायचा. माझ्या हिशेबाने एका खिडकीला ऐंशी लिटर. सात खिडक्यांना पाचशे साठ, सांडलवंड धरून सहाशे.

आता गाडी. उमरेडचे चंपतराव हे भिवापुरी मिरचीचे व्यापारी. त्यांच्या तराजूवर दरवर्षी मीच शिक्का मारत असे, त्यामुळे स्नेह. त्यांच्याकडे एक जुनी बंद व्हॅन होती, मिरचीची पोती नागपूरला आणायला. शिवाय शेतात लोखंडी टाकी पडून होती, बाराशे लिटरची, आणि उमरेड रोडवर नातलगाच्या मळ्यात विहिरीला भरपूर पाणी होतं. मी शब्द टाकला आणि चंपतराव लगेच तयार झाले.

मी आधी गाडीच्या दारावरची पाटी वाचली. सवयच आहे. कमाल भार साडेसातशे किलो. कागदावर हिशेब मांडला. अर्धी टाकी म्हणजे सहाशे लिटर, म्हणजे सहाशे किलो. टाकी स्वतः नव्वद. माझं वजन अठ्ठावन्न. झाले सातशे अठ्ठेचाळीस. चंपतरावांना मी गाडीचाच भाग धरलं. दोन किलो शिल्लक राहत होते, त्यात फडकी आणि खरवडणी. असा सुंदर हिशेब मी नोकरीतही केला नव्हता. तो कागद मी जपून ठेवला आहे, कुणाला बघायचा असेल तर दाखवीन.

पण आमच्या वाड्यात दोन बिऱ्हाडं अशी आहेत की त्यांना विचारल्याशिवाय देवसुद्धा पाऊस पाडत नसावा. माडीवर यमुताई, खाली दत्तोपंत.

यमुताईंनी अर्धी टाकी ऐकली आणि तांदूळ निवडता निवडता हात जोडले. "भाऊजी, अर्धी घागर घेऊन कोणी चांगल्या कामाले निघते का? अरुंधतीचा शेवटचा दिवस हो! आमच्या देवकीच्या लग्नात विहिणीसमोर अर्धा हंडा आला, तर जावयाची तीनदा बदली झाली. तुमाले करायचं असन तसं करा, मी काय बोलणारी?" असं म्हणून त्या तासभर बोलल्या.

दत्तोपंत रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. ते शकुन मानत नाहीत, फक्त रेल्वे मानतात. "कृष्णकांतराव, भरलेली टाकी गप्प बसते. अर्धी टाकी आत चालत-फिरत असते. तुम्ही ब्रेक मारला तरी पाणी थांबत नाही, ते पुढच्या भिंतीवर जाऊन धडकतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे काय उगाच म्हणतात?"

"मग पाव टाकी नेतो आणि दोन खेपा करतो," मी म्हटलं.

"पाव टाकी तर नाचते," दत्तोपंत म्हणाले.

चंपतराव तेव्हा ओट्यावर चहा पीत होते. "सायेब, काहून फिकीर करता? वीस पोते मिर्ची भरतो, पार छताले टेकते, तवा बी गाडी हूं का चूं करत नाई. ही टाकी त गाडीच्या अर्ध्यातच बसून राहिली. मंग जास्त कसं झालं?"

मिरची फुगते, पाणी फुगत नाही, हे मी त्यांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा. पण एका बाजूला शास्त्र, दुसऱ्या बाजूला शकुन आणि मध्ये अनुभव, तिघंही एकच सांगत होते: भरून न्या. खरं सांगू का? मला यमुताईंचं बोलणं लागलं होतं. एरवी मी असल्या गोष्टी हसण्यावारी नेतो. पण तिचा दिवस होता. तिच्या दिवसाला माझ्या हिशेबाने बट्टा लागला असता तर? मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि शनिवारी उजाडता उजाडता विहिरीवर उभा राहून म्हणालो, भरा.

टाकी काठोकाठ भरली, आणि गाडी मागून बसली. मागचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले, टायर पोटासारखे बाहेर आले आणि पुढचं तोंड वर गेलं. त्यात शिडी. त्यात दत्तोपंत. "ब्रेकवर लक्ष ठेवायला अनुभवी माणूस पाहिजे," म्हणून ते मागे टाकीजवळ चढले. त्यांचं वजन नव्वद. मिरचीच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पहिल्या मैलात ते चाळीस वेळा शिंकले. तेव्हापासून ब्रेकबद्दल त्यांच्याकडून काही ऐकू आलं नाही.

पण ती सकाळ, काय सांगू. गाडीचं तोंड इतकं वर होतं की समोरच्या काचेतून रस्ता दिसतच नव्हता. आभाळ दिसत होतं. कडुनिंबाचे शेंडे येत होते, जात होते, मध्येच तारेवरचा एखादा नीळकंठ. चंपतरावांना स्टिअरिंग हलकं लागत होतं, ते फिरवत आणि गाडी विचार करून हळूच वळे. ताशी दहा मैलांच्या वर ती जाईना. मागून पाण्याचा खोल, जाड आवाज. मला वाटलं, आपण गाडीत नाहीच, होडीत आहोत. उमरेड रोड संपला आहे, पाणी सुरू झालं आहे, आणि धुरातून बगळे आपल्याच दिशेने येताहेत. मी बहुधा डोळे मिटले होते.

"हवाई जहाज है क्या?"

डोळे उघडले तर काचेत आभाळाच्या जागी वाहतुकीच्या हवालदाराची टोपी. त्याने थांबायला हात केला होता, चंपतरावांनी ब्रेकही दाबला होता, पण गाडीने ते पंचवीस पावलं उशिरा मनावर घेतलं. हवालदार बिचारा उलटा चालत आला. पाटी वाचली, टायरला काठी लावून पाहिली आणि म्हणाला, "चलो, धर्मकाट्यावर."

मोठ्या गाड्या तोलायचा तो काटा जवळच होता. काटेवाल्याने गाडी चढवली, आकडा पाहिला, आणि मग मला पाहून उठून उभाच राहिला. "नमस्कार सायेब! तुमी?"

मी ओळखलं. त्या काट्यावर निवृत्तीच्या आधी मीच शिक्का मारला होता.

रिकाम्या गाडीचं वजन वजा करून चौदाशे साठ किलो भरलं. साडेसातशेच्या गाडीत. एखादा साधा माणूस म्हणाला असता, काटा खोटा आहे. हवालदारही माझ्याकडे बघत होता, म्हणतोय का ते. मला म्हणता येईना. काट्यावर माझी सही होती आणि तो काटा अचूक होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कैक व्यापाऱ्यांना त्या जागी उभं केलं, आज तिथे मी उभा होतो. काटेवाल्याने मान फिरवून रजिस्टर उगाच चाळलं. त्याची ती सभ्यता मला जास्त झोंबली.

"माल उतारो," हवालदार म्हणाला. "सातशे दस किलो. फिर जाओ."

घड्याळात आठ वाजले होते. पाणी उतरवायचं म्हणजे टाकीच्या तळाचं लाकडी बूच काढायचं. चंपतरावांनी ते ठोकून काढलं आणि धार सुटली. एप्रिलात, नागपुरात, रस्त्यावर पाण्याची धार! समोरच्या वस्तीतून आधी एक बाई घागर घेऊन आली, मग चार आल्या, मग हंडे, कळश्या, डालड्याचे डबे यांची रांग लागली. कुणाचं भांडण नाही, गलका नाही. उन्हात ते पितळ चमकत होतं आणि पाणी पडत होतं. एक म्हातारी घागर कंबरेवर घेताना मला म्हणाली, "सुखी राहा बाप्पा." मी मोजत होतो, दोनशे, तीनशे, आणि कुठेतरी मोजायचं विसरलो. बायका भरत होत्या आणि मी नुसता बघत होतो. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

"सायेब! बूच!" चंपतराव ओरडले, तेव्हा टाकीत जेमतेम दोनशे उरलं होतं. घाईघाईत चिंधी गुंडाळून बूच ठोकलं.

आणि मग दत्तोपंत खरे ठरले. सगळा वेळ चुकणारा माणूस नेमका नको तिथे खरा ठरतो. सक्करदऱ्याच्या वळणावर पाणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं आणि गाडीही त्याच्याबरोबर गेली. सीताबर्डीत सायकलवाला आडवा आला, ब्रेक मारला, धाड! टाकीने गाडीला मागून ढकललं. झाकणाच्या जागी बांधलेलं पोतं उडालं आणि दर धक्क्याला बादलीभर पाणी दत्तोपंतांच्या अंगावर. तळाला चिंधीचं बूच वेगळंच ठिबकत होतं. "मी सांगितलं होतं!" असं मागून ऐकू येई, मग शिंक, मग पुन्हा, "मी सांगितलं होतं!"

शाळेच्या फाटकात पोचलो तेव्हा दहाला पाच मिनिटं होती. फाटक कुठलं हेही आधी एका पानठेलेवाल्याला विचारावं लागलं. शाळेच्या शिपाई भागीरथाबाई धावत आल्या. "बाईंचे मालक का तुमी? या वं... या ना, या! बाई सकाळपासून तीनदा जिन्यात येऊन गेल्या."

टाकीत एक बादली पाणी निघालं. एक. बाराशे लिटरमधलं. मी एका खिडकीची एक तरी काच धुवायची ठरवलं. शिडी मागच्या भिंतीला लावली, दत्तोपंत आणि चंपतराव खाली धरून उभे राहिले, आणि एकसष्ट वर्षांचा मी, धोतर खोचून, हातात बादली घेऊन वर चढलो. वर्गातून तिचा आवाज येत होता. मान्सूनचे वारे, अरबी समुद्राची शाखा, बंगालच्या उपसागराची शाखा. मी फडकं भिजवलं. आणि काच पुसायच्या आधी, आपणही एकदा बघून घ्यावा म्हणून मागे वळलो.

तलाव नव्हता. म्हणजे असेल, पलीकडे असेलच. मध्ये चार मजल्यांची नवीकोरी इमारत उभी होती. गॅलऱ्यांतून लुगडी वाळत होती, एका ठिकाणी पापड.

खालून चंपतराव म्हणाले, "सायेब, काय झालं? भोवळ आली का?" आत ती मुलींना सांगत होती की वाऱ्यांना डोंगर आडवा आला की ते वर चढतात. हातातल्या फडक्यातून पाणी निथळत होतं. एक हातभर पुसलं की पुरे. मी दिलेला शब्द पुरा होईल, सगळ्या गल्लीत मान वर राहील, आणि आत खुर्चीवर बसलेल्या माणसाला शेवटच्या तासाला चार लुगडी आणि पापड दिसतील.

मी फडकं बादलीत टाकलं आणि बादली उलटी केली. सगळं पाणी दत्तोपंतांच्या डोक्यावर.

"हात निसटला," मी वरून म्हणालो. "पाणी संपलं."

खाली जे झालं ते सांगत बसत नाही. भागीरथाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यात आल्या, त्यांनी सात तपकिरी खिडक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "प्रयत्न केलात, हेच खूप," असं म्हणाल्या. एकतीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. चंपतराव गाडी घेऊन निघाले, ओले दत्तोपंत पुढे बसले, मागे बसायला त्यांनी साफ नकार दिला. मी फाटकाशी थांबलो. आता बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

साडेअकराला ती बाहेर आली. गळ्यात हार, हातात नारळ, डोळे लाल. आम्ही झाडाच्या सावलीने चालायला लागलो.

"माफ कर," मी म्हटलं. "पाणी पुरलं नाही. तुला तलाव दाखवायचा राहिला."

"कुठला तलाव?" ती म्हणाली. "अहो, तीन वर्षं त्या काचांमागे खडी-सिमेंटची मशीन घरघरत होती. मुलींना कविता ऐकू जायच्या नाहीत. मला काय कान नाहीत?"

मी थांबलो. "तुला माहीत होतं? आणि मला अर्ज लिहू दिलेस? टाकी, गाडी, ते सगळं? तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती दोन पावलं पुढे गेली होती. वळली, आणि पदराने मानेवरचा घाम पुसत अगदी सहज म्हणाली, "सत्तावीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्या शाळेत येणार होतात. मी कशाला मोडता घालू?"

मला भर रस्त्यात, भर उन्हात लाज वाटली. मी तिच्या हातातला नारळ घेतला आणि विचारलं, "अरबी समुद्राची शाखा आपल्याकडे येते, की बंगालच्या उपसागराची?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि घरापर्यंत मला सांगत राहिली.